आमच्यात पाळणा टांगत न्हाईत

जवळ येत जा गं जरा. फोनवर बोलताना मला तुझं नुसतं कपाळ आणि मागची खिडकी दिसते. आणि कानात ती बोंडं घालून माझ्याशी बोलत जाऊ नकोस, मला वाटतं तू भलत्याचंच ऐकायलीस. परवा काय केलंस? माझ्यादेखत तुझ्या तिकडच्या मैत्रिणींना सांगितलंस, की लहानपणी एक चित्रांचं पुस्तक हाताला लागलं आणि इतिहासाचं वेड लागलं. पुस्तक म्हणे! तुझ्या हातात चित्रांचं पुस्तक कधी धड राहिलं होतं का? फाडायचीस गं सगळी, आणि तुझी आई खळ लावून चिकटवत बसायची.

मी तेव्हा गप्प बसले. फोनवर मला भांडता येत नाही, मधेच आवाज तुटतो आणि अर्धंच भांडण तुझ्यापर्यंत पोचतं. म्हणून लिहून काढायलेय. चौथी शिकलेल्या आजीचं लिहिणं आहे, काना-मात्रा वेचत बसू नकोस.

हे वेड आपल्या घरात आलं ते बैलगाडीतून. ऐन फाल्गुनात, अंगावर एकावर एक दोन परकर घालून. ते परकर माझे होते, आणि दोन का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव वालूरपासून फार लांब नाही, बाजाराला पायी जाऊन यावं इतकंच. मुलूख निजामाचा. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो, आणि हद्दीच्या पलीकडं ते इंग्रजी. इंग्रज देश सोडून गेला, तिकडं झेंडे लागले, तरी आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘इंग्रजीत जायलाव’ असंच. आमच्याकडं कशाचे झेंडे? त्या दिवसांत खाकी घातलेली, खांद्याला बंदुका लावलेली माणसं गावोगाव फिरायची. आमच्या गावात आली की चावडीच्या ओट्यावर बसायची. आधी चहा मागायची, मग ज्वारी मागायची, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायची, कुणाच्या घरात कोण कोण आहे. धास्ती होती ती त्या शेवटच्या विचारण्याची. शेजारच्या गावातल्या एकानं आपली माझ्याएवढी पोर घाईघाईनं बिजवराला देऊन टाकली. दुसऱ्या एका घराला तेवढीही सवड मिळाली नाही. त्या घराचं दार नंतर उघडं दिसलं नाही, आणि त्याविषयी आमच्यासमोर कुणी बोलायचं नाही. पोरी आल्या की बायांचं बोलणं लगेच भाजीवर यायचं.

मी बारा-तेरा वर्षांची, आणि अंगानं थोराड.

आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मनात घेतलं की मला हद्दीपलीकडं नेऊन ठेवायचं. पण ठेवायचं कुणाच्या दारात? इंग्रजीत आमचं कुणी नव्हतं. आपले म्हणावे असे होते ते फक्त देव.

ते कसं, सांगते. माझ्या माहेरच्या घराण्याचं मूळ गाव वऱ्हाडात. तिथल्या थोरल्या घरात मूळ देव, आणि आमच्या देव्हाऱ्यात होते ते त्यांच्यावरून पाडलेले चांदीचे टाक. रीत अशी, की दर पिढीनं एकदा तरी हे टाक घेऊन मूळ घरी जायचं आणि देवाशी देवाची भेट घडवायची. देवभेट म्हणतात. पण दुष्काळ पडले, पटकी आली, कुणाला झालं नाही. आबांच्या आजोबांनाही तिकडची वाट माहीत नव्हती. गावाचं नाव तेवढं तोंडातोंडी राहिलं होतं.

आबांनी चावडीवर जाऊन सांगितलं, देवभेटीला जायलोय. घरातून सामानसुमान बांधून निघालेल्या माणसांना त्या दिवसांत वाटेतच मागं फिरवायचे, नाहीतर लुटायचे. देवाला निघालेल्याला अजून कुणी अडवत नव्हतं. म्हणून गाडीत ना वळकटी, ना भांडी. एक शिदोरी, एक घागर आणि देव. माय येणार नव्हती, तिचे दिवस भरत आले होते. आली ती आबांची थोरली बहीण. बालविधवा, आमच्याच घरी राहायची, आणि देवाधर्माचं सगळं तिच्याच हातात.

निघायच्या दिवशी मायनं मला दोन परकर, दोन पोलकी चढवली.

“माय, उकडतंय गं.”

“देवाच्या गावाला गारवा असतो.”

“फाल्गुनात?”

“लय प्रश्न विचारती ही पोरगी,” माय म्हणाली आणि माझ्या पोलक्याचं बटण लावता लावता तिचे हात थांबले. मग तिनं तेच बटण काढून पुन्हा लावलं.

जिंतूर मागं टाकून आम्ही येलदरीला पूर्णा उतरलो. आता तिथं धरण आहे, तेव्हा नुसतं पात्र होतं, मोठाले खडक आणि मधून गुडघाभर पाणी. बैल पाण्यात थांबले की आत्या हाकारायची, “चला रे माझ्या सरदारांनो, पाणी प्यायला जन्म पडलाय.” ती पुढं बसायची, मांडीवर लाल फडक्यात बांधलेले देव. देव जमिनीला टेकवायचे नाहीत, आणि मूळ घर येईपर्यंत ती गाठ सोडायची नाही. मुक्कामाला गाडीच्या खुंट्याला अडकवायचे. वाटेत ती मला घराण्याच्या रीती सांगायची. आपलं देवक कोणतं, नैवेद्याला काय चालत नाही, आपल्यात पाळणा का टांगत नाहीत.

“का न्हाईत?”

“न्हाईत टांगत.”

“पण का?”

“अगं, टांगत न्हाईत म्हणून न्हाईत! तुझी आजी, पणजी, सगळ्यांनी लेकरं झोळीत घालून पाठीला बांधली. कुणी पाळणा टांगला का? न्हाई. मग?”

‘मग?’ म्हणून ती पुढच्या रीतीकडं वळायची. पण मला ते टोचत राहिलं. शाळेत आम्हाला तवारीख शिकवायचे, कोणत्या बादशहामागं कोणता बादशहा ते पाठ करून घ्यायचे. मला वाटायचं, का, कधी, असं विचारायचं ते बादशहांबद्दल. घरातल्या गोष्टी आपल्या असतातच, जसा उंबरा असतो.

हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. जकातीचा म्हण. एक झोपडीवजा कचेरी, आडवा बांबू, दोन शिपाई आणि खाटेवर बसलेला एक वयस्कर मुन्शी. आमच्या पुढं एक गाडी होती, तिच्यातलं सगळं उतरवून धुळीत मांडलं होतं, आणि एक बाई जात्याची तळी धरून रडत होती.

“किधर?” मुन्शीनं विचारलं.

“देवाला,” आबा म्हणाले.

“सब देवाकोच जा रै आजकल.” त्यानं आत्याच्या मांडीवर बोट दाखवलं. “वो गठरी में क्या?”

“देव.”

“खोलो.”

“न्हाई सोडता येत,” आत्या म्हणाली.

एक शिपाई पुढं झाला, गाठोड्याला खालून हात लावून त्यानं वजन घेतलं. “चांदी है, साब.”

आबा बोलायला गेले, पण आत्यानं त्यांना कोपरानं मागं सारलं. “मुन्शीजी, मोहरमला आमच्या गावात पंज्याची सवारी निघती. ह्या माझ्या भावाच्या खांद्यावर निघती, नवसाची. तिच्यावरचा कपडा मधी वाटंत कुणी सोडून बघतं का, आत चांदी किती म्हणून?”

मुन्शी खाटेवरून उठला, गाडीपाशी आला. देवांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. माझ्या कपाळावरून घाम गळत होता, पोलकं पाठीला चिकटलं होतं. त्यानं परकराच्या काठाकडं बघितलं. वरचा लाल आणि खालून डोकावणारा हिरवा.

मला काहीच ठाऊक नव्हतं, तरी काहीतरी उघडं पडलं एवढं कळलं.

“बेटा,” तो हळूच म्हणाला, “धूप बहोत है. उधर पोंचे के बाद एक लहंगा निकाल देना.” आणि शिपायाला वळून ओरडला, “बांबू उठा रे! देवाकू देर हो रई.”

गाडी पलीकडं गेली. नाका दिसेनासा झाला. मग मी विचारलं, “आबा, मी परत येणार हाय ना?”

आबांनी बैलांना हाकारलं. आत्याच म्हणाली, “पोरीला सांग. तिकडं जाऊन रडण्यापेक्षा इथं रडून घेऊ दे.” आबांनी सांगितलं. बैलांच्या शेपटांकडं बघत सांगितलं. काही महिने, वातावरण निवळेपर्यंत. मी रडले नाही. मी विचारलं, त्यांनी ठेवून घेतलं न्हाई तर? त्यावर आबा म्हणाले, “रक्ताचे हाईत.” पण ते मला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं.

मूळ गावाच्या शिवेवर आत्या गाडीतून उतरली. इथून पुढं देव डोक्यावर घेऊन पायी जायचं, आणि मूळ देव्हाऱ्यात ठाव मिळेपर्यंत घेणाऱ्यानं बसायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. सकाळपासून ती उपाशी होती. विचारत विचारत आम्ही थोरल्या घराच्या ओट्यापाशी पोचलो. ओट्यावर घरधनी बसलेला, मिशा पांढऱ्या, पायाशी अंबाडी. दोर वळत होता. आबांनी रामराम केला, नाव-गाव सांगितलं, देव भेटीला आणलेत म्हणाले.

त्यानं दोर वळायचं थांबवलं नाही. “मोगलाईतून?”

“व्हय.”

“रोज एक भाऊबंद उगवायलाय मोगलाईतून. परवा एक आला, चार दिस जेवला, माझ्या म्हशीला चुलतमावशी म्हणला आणि दोर घेऊन पळाला.” ओट्याखाली जमलेली माणसं हसली. “देवक सांग.”

आबांनी सांगितलं.

“हे तर बाजारात पानवाल्याला विचारलं तरी सांगंल. आडनाव कळलं की देवक कळतं. घरातलं सांग. जे भिंतीच्या आत असतं ते.”

आबा विचारात पडले. आत्या ओट्याखाली उभी, डोक्यावर देव, मान ताठ. ऊन तिच्या तोंडावर. तिचे ओठ सुकून पांढरे झालेले मला दिसत होते. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि तिनं डोळ्यांनीच खूण केली, सांग ते.

“आमच्यात,” आबा म्हणाले, “पाळणा टांगत न्हाईत.”

तेवढ्यात घरातून पाळण्याच्या दोरीचा आवाज आला. कुर्र... कुर्र... आणि बाईचा जो-जो करत लेकराला झोपवायचा आवाज.

आता सांग पोरी, काय झालं असेल? ती माणसं हसली गं, पोट धरून हसली. घरधन्यानं दोर बाजूला ठेवला. “ऐकू येतंय का पाव्हणं? का ते बी मोगलाईतून आलंय?”

आबांचा चेहरा असा झाला, की मला तो अजून आठवू वाटत नाही. ते चोर नव्हते, खोटं बोलले नव्हते. त्यांच्या आजाच्या आज्यापासून जे जपलं होतं ते सांगितलं, आणि तेच त्यांच्या तोंडावर फेकून मारलं गेलं. मागं फिरलो असतो तर त्या नाक्यातून, त्या गावात, चावडीच्या ओट्यावरच्या त्या विचारण्यात. मी आणि माझे दोन परकर.

“पाणी तरी द्या बाईला,” गर्दीतनं कुणी म्हणालं.

“मी न्हाई घेत,” आत्या म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “देव टेकल्याबिगर न्हाई.”

“मंग उभी ऱ्हा,” घरधनी म्हणाला. पण माझ्याकडं बघून जरा मऊ झाला. “जा गं पोरी, आत जा, तू पी पाणी.”

मी आत गेले. अंधारं माजघर, उन्हातून गेल्यावर आधी काही दिसेना. मग पाळणा दिसला. आणि मी पाणी विसरले. पाळणा आढ्याला नव्हता टांगलेला. खाली तीन बांबूंची तिकाटी बांधली होती, तिला टांगला होता. वर सागाचं चांगलं आडवं आढं, त्याला लोखंडी कडी, कडी रिकामी. तिकाटीमुळं अर्धं माजघर अडलेलं. सून बाजूला सरकून सरकून चुलीकडं जायची.

“काकी,” मी तिला विचारलं, “कडी असताना हा खाली का बांधला?”

“आढ्याला न्हाई टांगत आमच्यात.”

“का?”

“न्हाई टांगत. अडखळून मरते मी रोज, पण न्हाई टांगत म्हणत्यात.” तिनं कोपऱ्याकडं हात केला. “त्यांना इचार.”

कोपऱ्यात घरधन्याची आई बसली होती. इतकी म्हातारी, की मी तिला आधी गाठोडं समजले. सुपातली तूर निवडत होती, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. मी तिच्यापुढं बसले आणि तेच विचारलं. आणि पोरी, आयुष्यात पहिल्यांदा मला ‘न्हाई टांगत म्हणून न्हाई’ असं उत्तर मिळालं नाही.

ती म्हणाली, “मधी लय वर्सं ह्या घरात पाळणाच नव्हता. माझी सासू सांगायची. पूर्वी कधी लुटारू पडले गावावर. माणसं जीव घेऊन पळाली. जिला जे हाताला लागलं ते उचललं. नदीपलीकडं गेल्यावर ध्यानात आलं, की लेकरू आढ्याला टांगलेल्या पाळण्यात ऱ्हायलं. तवाच्या सासूला वाटलं सुनंनं घेतलं, सुनंला वाटलं सासूनं. तवापासून नेम केला, ह्या घरात पाळणा न्हाई. लेकरू अंगावरच. मंग लय वर्सांनी एका सुनंला जुळी झाली. दोन अंगावर कशी बांधणार? तिनं देवीला कौल लावला. देवीनं सोडलं, पण आढ्याला न्हाई. उचलून पळता आलं पायजे.” ती थांबली. “तू कुणाची गं? आवाज ह्या गावचा न्हाई.”

“मी मोगलाईची. माझे आबा बाहेर सांगायलेत आमच्यात पाळणा टांगत न्हाईत, आणि सगळे हसायलेत.”

तिची बोटं तुरीत तशीच राहिली. “पाळणाच न्हाई म्हणतो? तिकाटीला बी न्हाई?”

“तिकाटीला बी न्हाई.”

“उठव मला,” ती म्हणाली.

सुनेनं एक काख धरली, मी एक. उंबऱ्यात येऊन तिनं पहिल्यांदा आपल्या पोराला, त्या पांढऱ्या मिशांच्या घरधन्याला, सगळ्यांदेखत झाडला. “अरे बैला! हे कौलाच्या आधी गेलेले हाईत. त्यांना सोडल्याचं सांगायला कोण गेलं होतं? तू? आपण बदललो, हे न्हाई बदलले. आपल्याहून जुने निघाले हे. त्या बाईच्या डोक्यावरचे देव घे आधी खाली, मंग हस.”

घरधनी उठला. धोतर सावरत ओट्याखाली उतरला, आणि आत्यापुढं ओंजळ पसरून उभा राहिला. आत्यानं देव त्याच्या हातात दिले आणि मगच मटकन खाली बसली. गाठ देव्हाऱ्यापुढं सुटली. टाक मूळ देवांशेजारी ठेवले तर कारागिरी तीच, फक्त आमचे जास्त झिजलेले. त्या घरची माणसं ते वाकून वाकून बघत होती, आणि मी त्यांच्याकडं.

तुला वाटेल, संपली गोष्ट. मला बी वाटलं होतं. पण खरी वेळ आली ती जेवणं झाल्यावर. आबांनी तोंड उघडलं, की पोरीला इथं ठेवून जायचं आहे. घरधनी लगेच हो म्हणाला, त्याला दुपारच्या हसण्याचं लागलं होतं. पण म्हातारी म्हणाली, “न्हाई.”

“आई, आपलेच हाईत, तूच म्हणलीस.”

“आपले हाईत म्हणूनच न्हाई. लेकरू मागं ठेवून जायचं न्हाई, हाच नेम हाय ह्या घराचा. दुपारी ज्याच्या जोरावर आत आलास, तोच आता मोडतोस?”

आबा ज्या दोरीनं वर आले तीच गळ्याला लागली. आत्या पुढं सरली. “म्हातारे, मागं कुठं ठेवायलोय? मागं तर आमी जायलोय, आगीत. हिला बाहेर काढून आणलंय. उचलून पळायला सोडलंय ना तुमच्या देवीनं? मंग हे उचलून पळणंच हाय.”

म्हातारी म्हणाली, “पोरीला इचारा. त्या पाळण्यातल्याला कुणी इचारलं नव्हतं.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं सांगू, मला घरी जायचं होतं. मायचे दिवस भरत आले होते, मला भाऊ होणार की बहीण ते बघायचं होतं. आबा मान खाली घालून बसलेले, बोटानं जमिनीवर रेघा मारत. मी हो म्हणाले तर त्यांना मोकळं वाटणार होतं आणि नाही म्हणाले तरी. दोन्हीत रडू होतं. मला वाटलं, त्या लुटीतलं लेकरू वाचलं का, ते म्हातारीनं सांगितलंच नाही. आणि ते विचारायला इथं राहावं लागेल.

मी उठले, आणि वरचा लाल परकर सोडून दांडीवर वाळत घातला. आत्या पदर तोंडाला लावून परसात गेली.

दुसऱ्या दिवशी ती दोघं परत निघाली. गाडीत देव होते, घागर होती, मी नव्हते. नाक्यावर काय झालं, आबा गावाला पोचले की नाही, किती तरी महिने मला कळलं नाही. चिठ्ठी यायची सोय नव्हती. हद्दीवरून रोज माणसं यायची, डोक्यावर बोचकी घेऊन, आणि मी प्रत्येकीला विचारायची, वालूरकडची का? कुणी म्हणायची तिकडं गाव जळालं. कोणतं गाव? ते तिला माहीत नसायचं.

परमुलखात राहणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. मुलूख म्हणजे गं काय, नदीपलीकडचा! पण शाळेत पोरी मला ‘मोगलाई’ म्हणायच्या. मी ‘जल्दी’ म्हणाले की हसायच्या, ‘कायको’ म्हणाले की लोळायच्या. मी तोंडातला एकेक शब्द गिळायला शिकले. पण शाळा मराठी होती, आणि म्हातारी होती. मी तिची तूर निवडायची आणि ती सांगायची. लेकरू वाचलं होतं म्हणाली, शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या बायकोनं ते आपल्या दुलईत गुंडाळून ठेवलं होतं. तेव्हापासून थोरल्या घरात लग्नाची पहिली दुलई त्याच घरून भरून यायची. मी ती दुलई बघितली, पिंजाऱ्याचं घर बघितलं. कुठल्या तवारीखमध्ये होतं हे? मला वेडच लागलं. ज्या घरी जाईन तिथं विचारायची, तुमच्यात काय करत न्हाईत? लोकांना जे करतात ते सांगताना अभिमान असतो. जे करत नाहीत ते विचारलं की आधी दचकतात, मग आत काहीतरी निघतं.

पावसाळा सरता सरता राज्य बदललं. दवंडी झाली, माणसं रस्त्यावर नाचली. मी नाचले नाही, मी गावाच्या वाटेवर जाऊन बसायला लागले. जाणारी माणसं दिसायची, येणारं कुणी नाही. आणि एक दिवस आबा दिसले. पायी. गाडी न्हाई, बैल न्हाईत, दाढी वाढलेली. मी उठून उभी राहिले. त्यांनी जवळ येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि पहिलं काय बोलले असतील? म्हणाले, “भाऊ झालाय तुला. मायच्या पाठीलाच असतो. चल.”

घर अर्धं राहिलं होतं, बैल गेले होते, माणसं सगळी होती. पुढं माझी शाळा झाली नाही, लग्न झालं, लेकरं झाली. पण वाचायचं सुटलं नाही. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद सुद्धा उलटा करून वाचायची, तुझे आजोबा हसायचे. आणि तू लहान असताना तुला घेऊन मी त्या मूळ गावी गेले. तुला आठवत नसेल. तिथल्या त्याच सुनेला, आता म्हातारी झालेल्या, तू विचारलंस, “आजी, या घरात पाळणा खाली का बांधलाय?” त्या दिवशी मी तुझ्या आईला म्हणाले, ही पोर काही घरी टिकायची नाही. ते पुस्तक-बिस्तक नंतर गं.

आता तू समुद्रापलीकडं बसून दुसऱ्यांच्या जुन्या गोष्टी उकरायलीस. चांगलं आहे. पण मागच्या संक्रांतीला तू तिकडं गुळाच्या पोळ्या केल्यास आणि पहिली पोळी गाईसाठी काढून ठेवलीस म्हणालीस. अगं, गाय कुठंय तुझ्याकडं? आणि इथं तरी कुठंय? आम्ही ते कधीच सोडलं. तुला कुणी सांगितलं नाही. असं आणखी काय काय आम्ही सोडलं असेल, ते मला एकटीला आठवत नाही. तू आलीस आणि विचारायला लागलीस की आठवेल.

आबा मला न्यायला पायी आले होते. माझ्या गुडघ्यांनी तुझ्यापर्यंत यायचं होत नाही, आणि विमानात मला बसू देणार नाहीत असं तुझी आई म्हणते. तेव्हा तूच ये. सुट्टी लागायची वाट बघू नकोस, लवकर ये.